वाचकांचे प्रश्न : रेप्लिका स्पोर्ट्‌स कार ट्रॅकवर नेताना

प्रश्न : मी व माझ्या धाकट्या भावाने आमच्या कारखान्यात एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या आकाराची उघडी गाडी बांधली आहे. शिडीसारखी चॅसिस, वर फायबरची बॉडी आणि चालकाच्या मागे सी क्लास पाइपची, क्रोम केलेली, गाडी उलटल्यास डोके वाचवणारी एकच कमान असे तिचे स्वरूप आहे. चालकाला सीटला बांधून ठेवणारा चार पट्ट्यांचा हार्नेस मागवला आहे. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ती चालवण्याची इच्छा आहे. सुरक्षेची एवढी तयारी पुरेशी आहे का? — एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : पुरेशी नाही, आणि सध्याच्या स्थितीत ही गाडी वेगाने चालवू नये असेच मी म्हणेन. मूळ कोब्रा 1962 मध्ये आली, तेव्हा चालकाला अपघातातून वाचवण्याचा विचार मोटारींच्या रचनेत फारसा झालेला नव्हता. आपण तिचा आकार घेतला असला, तरी सुरक्षा मात्र आपल्यालाच नव्याने बांधावी लागेल.

प्रथम कमानीविषयी. सी क्लास पाइप जाड असतो म्हणून तो मजबूत असणारच असे आपल्याकडे सर्रास मानले जाते; परंतु तो पाण्याच्या लाइनसाठी बनवलेला, शिवण असलेला पाइप आहे आणि वाकवताना किंवा आघातात तो त्या शिवणीवर उकलू शकतो. त्यावर जस्ताचा थर असेल तर वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रे राहतात, ती निराळीच. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत मुख्य कमानीसाठी थंड ओढलेला सीमलेस कार्बन स्टीलचा पाइप सांगितला आहे : 45 मिलिमीटर व्यास व 2.5 मिलिमीटर जाडी, किंवा 50 मिलिमीटर व्यास व 2 मिलिमीटर जाडी. कमानीला मागून आधार देणाऱ्या दोन तिरक्या नळ्या उभ्या रेषेशी किमान 30 अंशांचा कोन करणाऱ्या असाव्यात आणि सगळ्यांचे पाय चॅसिसच्या मुख्य गर्डरवर यावेत, पत्र्याच्या किंवा फायबरच्या फरशीवर नव्हे. क्रोमऐवजी साधा रंग द्यावा, म्हणजे वेल्डिंगजवळ पडलेली चीर लवकर नजरेस येते. आपल्या उद्यमनगरात असे काम नेटके करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाती योग्य माल मात्र दिला पाहिजे.

उंचीची चाचणी घरच्या घरी करता येते. हेल्मेट घालून, पट्टे आवळून चालकाला बसवावे आणि कमानीच्या माथ्यापासून समोरच्या भक्कम भागापर्यंत एक सरळ काठी ठेवावी. हेल्मेटचा माथा काठीखाली साधारण 5 सेंटिमीटर राहिला पाहिजे. काचेची चौकट भक्कम भागात धरू नये, कारण गाडी उलटल्यावर ती सर्वांत आधी मोडते. आपली कमान फक्त चालकामागे आहे. तेव्हा शेजारच्या सीटवर कोणालाही, अगदी भावालाही, बसवू नये.

आता हार्नेस. कमान योग्य नसताना उघड्या गाडीत हार्नेस बसवणे धोक्याचे आहे, कारण गाडी उलटली तर तो चालकाला ताठ धरून ठेवतो आणि सारा भार डोक्यावर व मानेवर येतो. शिवाय चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये खांद्यांचे पट्टे आवळले की कमरेचा पट्टा वर पोटावर सरकतो आणि धडकेत शरीर त्याखालून पुढे घसरते. मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्यांसह सहा पट्ट्यांचाच हार्नेस घ्यावा. खांद्यांचे पट्टे खांद्यांच्या पातळीवरच्या आडव्या नळीला, जवळजवळ आडवे बांधावेत. ते थेट फरशीला बांधले तर धडकेत पाठीचा कणा वरून दाबला जातो.

हार्नेसने धड जागीच राहते, पण डोके पुढे फेकले जाते. त्यात कवटीचा तळ मोडू शकतो; 2001 मध्ये अमेरिकेत डेटोना येथील शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू अशाच अस्थिभंगाने झाला. डोके व मान धरून ठेवणारे हान्स हे साधन रॉबर्ट हबर्ड व जिम डाउनिंग यांनी त्याआधीच तयार केले होते. फॉर्म्युला वनने ते 2003 पासून सक्तीचे केले. हार्नेसबरोबर ते घ्यावेच. हेल्मेट मोटारसायकलचे नको, स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या, मोटार शर्यतीसाठीच्या एसए मानकाचे हवे; त्यात आगीची आणि कमानीवर डोके आपटण्याची चाचणी घेतलेली असते. कमान, हार्नेस, सीट आणि मानेचे साधन यांचा संच पूर्ण झाल्याशिवाय त्यातल्या एखाद्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

चॅसिस जितकी कडक तितकी गाडी सुरक्षित, हा समजही सोडावा. ताशी 72 किलोमीटर वेगाने भिंतीवर गेलेल्या चालकाचे शरीर एक मीटर अंतरात थांबले तर सरासरी सुमारे 20 जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट), आणि अर्ध्या मीटरात थांबले तर सुमारे 40 जी इतका आघात त्याला सोसावा लागतो. कारखान्यातून आलेल्या गाडीचा पुढचा भाग चुरगळून हे अंतर मिळवून देतो, तर फायबर नुसते फुटते आणि गर्डर तो धक्का तसाच मागे पोचवतात. स्टिअरिंगचा दांडा एकसंध व सरळ असेल तर तो छातीकडे येतो. त्यात दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारे सांधे) घालून त्याला कोन द्यावा. बॅटरीचा मुख्य स्विच आणि अग्निशामक नळकांडे पट्टे न सोडता हाताला लागले पाहिजे.

प्रश्न : अशी गाडी रविवारी सकाळी पन्हाळ्यापर्यंत नेता येईल का? — एक वाचक, कागल

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या गाडीच्या नोंदणीवर नवी बॉडी चढवण्याचा मार्गही वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालणाऱ्या कलम 52 मुळे बंद आहे. गाडी ट्रेलरवरूनच ट्रॅकपर्यंत न्यावी.

प्रश्न : माझी रेप्लिका ट्रॅकवर वळणाच्या मध्यावर अचानक गर्रकन फिरली. वेग जास्त वाटला म्हणून मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला होता. वेग कमी करूनही असे का व्हावे? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पाय झटकन काढल्यामुळेच असे झाले. वळणात अॅक्सिलरेटर सोडताच गाडीचे वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड सुटते. कोब्राच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर जेमतेम 2286 मिलिमीटर. एवढ्या आखूड गाडीची शेपूट सुटली की ती फार लवकर फिरते, आणि सावरायला एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसते. म्हणून ब्रेकचे काम वळणाआधी, चाके सरळ असतानाच संपवावे, वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर किंचित दाबून स्थिर ठेवावा आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा तो वाढवावा. वेग जास्त वाटलाच तर पाय हळूहळू उचलावा, आणि नजर भिंतीवर न खिळवता जिथे जायचे तिथे ठेवावी.

दोष एकट्या पायाचा नसेलही. मागचे ब्रेक पुढच्यांआधी लॉक होत असतील तर गाडी फिरणारच. पुढची चाके किंचित आधी लॉक होतील अशी जुळणी करून घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट 4 या दर्जाचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र ही हमी 155 अंशांवर येते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने उभी राहिलेली गाडी ऑइल बदलल्याशिवाय ट्रॅकवर काढू नये. टायर किती जुना आहे हे कळण्यासाठी त्यावरचा चार आकडी शिक्काही पाहावा : 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

सरावासाठी कोल्हापूरजवळचा कार्टिंग ट्रॅक उत्तम आहे. नजर आणि वळणाची रेषा तिथे पक्की होते. पण कार्टला सस्पेन्शन नसल्याने आपल्या गाडीत वजन कसे पुढे-मागे झुकते हे तिथे तितकेसे कळत नाही. त्यासाठी मोकळ्या मैदानावर, कमी वेगात, जाणकार माणूस मैदानाच्या कडेला उभा करून मुद्दाम शेपूट सोडवून पाहावी.

दोन चाके गवतावर गेली तर स्टिअरिंग खेचून परत येण्याचा प्रयत्न करू नये, गाडी सरळ बाहेर जाऊ द्यावी. ती सावरण्यापलीकडे फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबावेत व गाडी थांबेपर्यंत सोडू नयेत. लॉक झालेली चाके गाडीला एका दिशेने घसरवत नेतात. मध्येच ब्रेक सोडला तर चाकांना एकदम पकड मिळून गाडी त्या क्षणी तोंड असेल तिकडे झेप घेते. थांबल्यावर आग नसेल तर पट्टे सोडून बाहेर उतरू नये. इंजिन बंद करून हात वर करावा आणि मार्शल (ट्रॅकवरचा सुरक्षा कर्मचारी) येईपर्यंत आतच बसून राहावे.