सोसायटीचं काय चालतं, काय नाही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा फ्लॅट भाड्याने दिलाय. मेंटेनन्सचं बिल 3,200 रुपये येतं आणि त्यावर नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा चार्ज) म्हणून आणखी 2,500 लावतात. विचारलं तर सेक्रेटरी म्हणतात जनरल बॉडीत ठराव पास झालाय, आता काही करता येणार नाही. खरंच का? – एक सभासद, ठाणे

उत्तर : अजिबात नाही. ठराव एकमताने झाला असला तरी सरकारी आदेशाच्या वर जाऊ शकत नाही. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार हा चार्ज सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ही मर्यादा मुंबई उच्च न्यायालयानेही 2007 मध्ये कायम ठेवलीय. आता गंमत बघा, बरेच जण 10 टक्के म्हणजे 3,200 चे 320 असं धरतात, तेही चूकच. बिल समोर घ्या आणि एकेक ओळ वाचा, समजा त्यात प्रॉपर्टी टॅक्स 700, पाणी 450, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) 300, रिपेअर फंड 500 आणि उरलेले 1,250 म्हणजे वॉचमन, सफाई, कॉमन लाइट, ऑफिसखर्च वगैरे, तर हे 1,250 तुमचे सर्व्हिस चार्जेस. त्याचे 10 टक्के, 125 रुपये. संपलं. कुठे 125 आणि कुठे 2,500!

बिलात सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं असेल तर आधी लेखी अर्ज देऊन हेडवाईज, म्हणजे कशाचे किती अशी फोड मागा आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्यायला विसरू नका, कारण नंतर 'असा अर्ज आलाच नाही' हे उत्तर ठरलेलं असतं. ऐकलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायची. तोपर्यंत रेग्युलर मेंटेनन्स आणि 125 भरत राहा, आणि जास्तीच्या रकमेला विरोध आहे असं लेखी कळवा. आणि हो, फ्लॅटमध्ये भाडेकरू नसून तुमची मुलगी-जावई, भाऊ किंवा आईवडील राहत असतील तर हा चार्ज लागतच नाही.

भाडेकरूसाठी सोसायटीची एनओसीसुद्धा लागत नाही. लिव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीत द्यायची. 'बॅचलर चालणार नाही' असं सांगायचा अधिकार आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीत, कमिटीला कुठेच दिलेला नाही.

प्रश्न : आम्ही टॉप फ्लोअरला आहोत, दर पावसाळ्यात गच्चीतून पाणी झिरपतं. कमिटी म्हणते तुमच्या डोक्यावर आहे, तुम्हीच करा. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गच्ची सगळ्यांची, मग खर्चही सगळ्यांचा. आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि कठड्याची दुरुस्ती, पावसाच्या पाण्याचं गळणं, बाहेरच्या भिंतींचं लीकेज हे सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायचं असतं, रिपेअर फंड त्यासाठीच तर गोळा करतात. तुमच्याकडून वेगळे पैसे मागायचा प्रश्नच येत नाही. मात्र वरच्या मजल्यावरच्या बाथरूम-संडासातून खाली गळत असेल तर तो मामला वेगळा, तो खर्च संबंधित फ्लॅटधारकांचा.

प्रश्न : मी कमिटीवर आहे. एका सभासदाने पार्किंगच्या भांडणावरून दोन वर्षं मेंटेनन्स भरलेला नाही. बाकीचे म्हणतात पाणी तोडा म्हणजे येईल वठणीवर. तोडू का? – सेक्रेटरी, पुणे

उत्तर : नको! पाणी, वीज तोडायचा अधिकार सोसायटीला नाही, उलट तो सभासद पोलिसांत किंवा कोर्टात गेला तर तुम्हीच आरोपीच्या जागी बसाल आणि थकबाकी राहील बाजूला. तुमचा राग समजतो, पण वसुलीचा रस्ता कायद्यात आहे आणि तो चांगला धारदार आहे. आधी रीतसर नोटीस द्या, कमिटीत ठराव करा, बिलं, लेजर उतारा आणि नोटिशींच्या पोच लावून निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. पूर्वी हे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली व्हायचं, 2019 च्या दुरुस्तीनंतर हाउसिंग सोसायट्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आलंय आणि त्यात वसुलीसाठी कलम 154बी-29 आहे. दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे गरज पडली तर मालमत्तेवर जप्तीसुद्धा. शिवाय बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे न भरणारा थकबाकीदार ठरतो आणि त्याला कमिटीवर निवडून येता येत नाही.

आता पार्किंगचं. पैसे अडवून पार्किंग मिळत नाही हे त्या गृहस्थांना सांगाच, पण कमिटीनेही स्वतःकडे बघावं. स्लॉट कसे वाटायचे हे जनरल बॉडीने ठरवायचं असतं, गाड्यांपेक्षा जागा कमी असतील तर लॉटरी काढतात. काही जणांकडे दोन-दोन स्लॉट आणि याच्याकडे एकही नाही असं असेल तर त्याची तक्रार रास्त आहे. 'मला बिल्डरने विकलंय' असं कोणी म्हणालं तर सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय की ओपन किंवा स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. तेव्हा वसुलीचा अर्ज एकीकडे चालू द्या आणि पार्किंगचा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलू नका.