वाचकांचे प्रश्न : प्रवाळ टाकीत नवा मासा

प्रश्न : रत्नागिरीतील आमच्या घरी सुमारे ३०० लिटरची जुनी सागरी टाकी असून तीत मऊ प्रवाळ, दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल आहे. गणपतीच्या आधी मुंबईहून आणलेला टँग जातीचा मासा थेट टाकीत सोडला. काही दिवसांतच त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठले आणि तो मेला. जुन्या माशांवरचे थोडे ठिपके आपोआप गेले. आता फायरफिश आणायचा आहे. तो कसा सोडावा? त्याला लपण्यासाठी मालवणचे एक परिचित समुद्रातला प्रवाळाचा दगड देणार आहेत. तो चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ठिपके आपोआप गेले, हे आपल्या पत्रातील सर्वांत काळजीचे वाक्य आहे. वर्णनावरून हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी दिसतो. तो माशाच्या त्वचेत काही दिवस वाढतो, मग गळून खडकावर किंवा वाळूत कोश करून राहतो आणि त्या कोशातून बाहेर पडणारी पुढची पिढी पुन्हा मासा शोधते. जुन्या माशांत काहीशी प्रतिकारशक्ती आल्याने ते ठणठणीत दिसतात; प्रवासाने थकलेला नवा मासा मात्र लगेच बळी पडतो. म्हणजे आपली टाकी आज बहुधा रोगमुक्त नाही आणि फायरफिश कितीही जपून सोडला तरी धोका टळत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच. तिन्ही जुने मासे वेगळ्या टाकीत हलवून तेथे तांब्याचे औषध, चाचणी संचाने मात्रा तपासत, द्यावे आणि मुख्य टाकी सुमारे ७६ दिवस एकाही माशाविना चालू ठेवावी. प्रवाळांना या परजीवीचा उपद्रव नसल्याने ते तेथेच राहू द्यावेत. तांबे मात्र मुख्य टाकीत कधीही घालू नये. ते प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाई मारते, शिवाय खडकांत मुरून राहते.

याच काळात फायरफिशला तिसऱ्या, साध्या काचेच्या टाकीत किमान चार आठवडे ठेवावे. तळाला वाळू नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात आणि स्पंज फिल्टर आधीपासून जिवाणू वाढवून तयार ठेवावा. दुकानांतील पाण्याची क्षारता पुष्कळदा कमी असते, म्हणून या टाकीचे पाणी पिशवीतील पाण्याशी आधीच जुळवून घ्यावे आणि नंतर काही दिवसांत हळूहळू १.०२५ विशिष्ट गुरुत्वापर्यंत (क्षारता मोजण्याचे माप) न्यावे. मुंबईहून रात्रभर आलेली पिशवी उघडून थेंबथेंब पाणी घालत बसणे मला धोक्याचे वाटते: बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, पिशवी उघडताच तो चढतो आणि तोवर फारसा अपाय न करणारा अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगवून तापमान जुळले की मासा जाळीने सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच.

मुख्य टाकी माशांविना ठेवण्याचा आणखी एक फायदा आपल्याला मिळेल. फायरफिश भित्रा असतो आणि डॅमसेल आपल्या जागेसाठी भांडतो. एरवी नवा मासा जुन्याच्या हद्दीत शिरतो, येथे मात्र क्रम उलटवता येईल. ७६ दिवस झाल्यावर मुख्य टाकीत, खडकांची मांडणी बदलून, दिवे बंद असताना, आधी फायरफिश सोडावा. तो निर्धास्तपणे खाऊ लागला की क्लाउनफिश आणि सर्वांत शेवटी डॅमसेल. डॅमसेल कोणा जाणकाराला देता आला तर अधिक बरे.

मालवणचा दगड घेऊ नये. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण असून मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील प्रवाळ आधीच नाजूक अवस्थेत आहेत. हौसेपोटी त्यांचा एक तुकडाही निघता कामा नये. शिवाय समुद्रातून आलेल्या ओल्या दगडावर परजीवीचे कोश असू शकतात. खडकांच्या फटी फायरफिशला पुरेशा आहेत. तो घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, त्यामुळे त्याच्या तिसऱ्या आणि मुख्य अशा दोन्ही टाक्यांवर बारीक जाळीचे झाकण पहिल्या दिवसापासून बसवावे.