डिसेंबरात हिमालयातला केदारकंठा ट्रेक करायचाय, आतापर्यंत फक्त सह्याद्री केलाय. किती स्वेटर नेऊ?

एकही नाही नेलात तरी चालेल. आईने विणलेला असेल तर देहरादून ते सांक्री गाडीत घाला, दिवसभराचा प्रवास आहे.

मीही सह्याद्रीतलाच. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि सांक्री, जिथून चालायला सुरुवात होते ते गावच त्याहून उंचावर. माथा साधारण ३,८०० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. हे सगळं वाचून मी घाबरलो आणि माथ्याच्या रात्री अडीच वाजता तंबूत होतं नव्हतं ते अंगावर चढवलं: सुती बनियन, थर्मल, दोन स्वेटर, वर जाड जॅकेट. अर्ध्या तासात पाठीवरून घामाच्या धारा. मग चहाच्या टपरीपाशी थांबलो, वारा सुटला आणि ते बनियन अंगाला बर्फाच्या फडक्यासारखं चिकटलं. ते होतं सगळ्यात आत. काढायचं तर उणे तापमानात उघडं व्हावं लागणार. दात वाजवत तसाच वर गेलो. सूर्योदय कसा होता ते विचारू नका.

तेव्हा सगळ्यात आधी सुती कपडे घरी ठेवा, जीन्सही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. अंगालगत पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, जरा घट्टच. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट, पुढून पूर्ण चेन असलेलं, म्हणजे चालता चालता उघडता येतं. वर विंडचीटर, वारा अडवणं एवढंच त्याचं काम, पण ते फार मोठं काम आहे. चढताना मला बहुतेक वेळा थर्मल आणि विंडचीटर एवढंच पुरतं. निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. तंबूतून बाहेर पडताना उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय.

डाऊन जॅकेट, म्हणजे आत पिसं भरलेलं, हे थांबण्यासाठी. सॅकमध्ये अगदी वर ठेवा, थांबलात की घाम गार व्हायच्या आत चढवा, निघताना पुन्हा आत. चढताना अंगात ठेवू नका. पिसं ओली झाली की चेपतात आणि ऊब संपते.

पायांचं थोडक्यात: लोकरीचे मोजे एकावर एक दोन घालून बूट आवळला तर रक्तच पोचत नाही आणि बोटं जास्त गारठतात. एकच जाड जोडी, बुटात बोटं हलली पाहिजेत. हातमोजे दोन, आत पातळ, बाहेर वाऱ्यापाण्याचे. कानटोपी आपली माकडटोपी चालते, फोटोत वाईट दिसते एवढंच. गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) आणि बुटाला लावायचे स्पाइक सांक्रीत भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका.

झोपायचं थर्मल वेगळं आणि कोरडं. चालून आल्यावर कितीही कंटाळा आला तरी आधी कपडे बदला, मग चहा.

जायच्या आधी एखाद्या पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून बघा, हेच थर्मल आणि विंडचीटर घालून. चेन कुठे उघडावीशी वाटते ते तिथेच कळेल.