जुन्या मिलिंग मशीनच्या व्हर्टिकल हेडचा कॉलेट नट हरवला आहे. नाशिकमध्ये नट आणि कॉलेट बनवून मिळतील का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: जुनं इंग्लिश हॉरिझॉन्टल मिलिंग, त्यावर व्हर्टिकल हेडचं अटॅचमेंट, ओझरकडच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधून घेतलेलं. नोजवरचा, म्हणजे स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या) तोंडावरचा, नट गायब आहे. पाच कॉलेटपैकी (कटरची दांडी आवळून धरणाऱ्या चिरा पाडलेल्या बाह्यांपैकी) दोन उरलेत, त्यातला एक तडकलाय. द्राक्षबागेतल्या ब्लोअरचे पार्ट दुरुस्त करायला तुम्हाला ते मशीन चालू करायचंय.

बनवून मिळतील. सातपूर आणि अंबडमध्ये हे काम करू शकणारे टर्नर आजही आहेत. पण उरलेला जुना कॉलेट खिशात घालून टर्नरकडे जाऊ नका. स्पिंडल काढा आणि स्पिंडल घेऊन जा.

हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः चूक केलेली आहे. अंबडला टूलरूममध्ये काम करताना असंच एक हेड माझ्याकडे आलं होतं. नमुना म्हणून घासलेला नट मिळाला, त्याच्या आतल्या आट्यांवर पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावला, १.२५ मिमी वाटला. तसा नट बनवला. पाच-सहा आटे छान गेला आणि मग घट्ट झाला. नवीन आटे आहेत, बसतील हळूहळू, असं म्हणून ग्राइंडिंग पेस्ट लावून पाना मारला. खरे आटे होते इंचाला २०, म्हणजे पिच १.२७. एका आट्यात फरक फक्त ०.०२ मिमी, पण बारा आट्यांत तो जवळजवळ पाव मिलीमीटर होतो. नट कॉलेटला दाबतच नव्हता, आट्यांवरच आवळला जात होता. १२ मिमीचा एंडमिल कटमध्ये असताना खाली सरकला (एंडमिलचा पीळ कटरला स्वतःच खाली ओढतो) आणि गिऱ्हाइकाच्या डाय प्लेटमध्ये तीन मिलीमीटर घुसला. ती प्लेट भरून द्यावी लागली. स्पिंडलवर पट्टी ठेवून एका इंचात किती आटे येतात ते मोजलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

म्हणून आधी मोजमाप. स्पिंडलच्या आतला टेपर (निमुळतेपणा) मंद, म्हणजे कमी उताराचा, वाटत असेल तर लेथच्या टेलस्टॉकचं एमटी (मोर्स टेपर) २ किंवा ३ चं सेंटर निळं, म्हणजे टेकलेली जागा दाखवणारा रंग, लावून आत घालून बघा. पूर्ण लांबीवर निळं उठलं तर तुमचा प्रश्न बाजारातच सुटतो. त्या टेपरचा ईआर (प्रमाणित मापांच्या कॉलेटची पद्धत) कॉलेट चक विकत मिळतो, फक्त ड्रॉबार, म्हणजे मागून ओढून धरणारा लांब बोल्ट, बनवावा लागेल. एकच अडचण, असा चक नोजच्या बाहेर बराच लांब येतो. जुन्या अटॅचमेंटखाली आधीच जागा कमी असते. शिवाय कटर जितका लांब तितका तो वाकतो, आणि वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. लांबी दुप्पट केली की आठपट.

पण नोजवर बाहेरून आटे आहेत आणि नट होता, यावरून मला वाटतं की तुमच्या स्पिंडलचा टेपर उभा, म्हणजे जास्त उताराचा, असणार, त्या कंपनीचा स्वतःचा. तो मोजायला बेअरिंगच्या दोन गोळ्या पुरतात. समजा २० आणि २५ मिमीच्या. स्पिंडल उभा ठेवा, लहान गोळी आत सोडा आणि तोंडापासून तिच्या माथ्यापर्यंतची खोली डेप्थ मायक्रोमीटरने मोजा. ती काढून मोठी सोडा, तिचीही खोली मोजा. मोठी गोळी तोंडाबाहेर डोकावत असेल तर ते माप वजा धरायचं. दोन्ही खोल्यांमध्ये आपापली त्रिज्या मिळवा, म्हणजे दोन्ही केंद्रांची खोली मिळते. केंद्रांमधल्या अंतराने त्रिज्यांच्या फरकाला, म्हणजे २.५ ला, भागलं की अर्ध्या कोनाचा साइन मिळतो. अंतर १४.४० आलं तर अर्धा कोन १०°. गोळ्या कोन मोजायला आतल्या घासलेल्या ओरखड्यांपेक्षा कितीतरी प्रामाणिक असतात, फक्त टेपर आधी केरोसीनने स्वच्छ धुवा.

आता मुख्य निर्णय. जुन्याच पद्धतीचे कॉलेट आणि नट बनवायचे, की त्या स्पिंडलमध्ये बसणारा एक स्लीव्ह बनवून पुढे ईआर कॉलेट वापरायचे? माझं मत स्लीव्हच्या बाजूने आहे. कॉलेट बनवणं दिसतं तितकं सोपं नाही. ओएचएनएसमध्ये (तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलमध्ये) टर्निंग, मग चिरा, हार्डनिंग, तोंड कडक आणि पाकळ्या स्प्रिंगसारख्या राहतील असं वेगवेगळं टेंपरिंग, शेवटी ग्राइंडिंग, आणि हे सगळं प्रत्येक मापासाठी वेगळं. ईआर पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सने १९७३ मध्ये आणली. आज ती डीआयएन ६४९९ या जर्मन मानकात ठरलेली आहे, त्यामुळे नट एकाचा आणि कॉलेट दुसऱ्याचा घेतला तरी बसतो. तुमच्या हेडला ईआर २० पुरेल. त्यात १३ मिमीपर्यंतची दांडी धरते आणि नटाचे आटे एम २५ × १.५. नट विकतच घ्या, तो बनवण्यात वेळ घालवू नका.

स्लीव्हला ईएन २४ हे मिश्र पोलाद घ्या, टी कंडिशनमधलं, म्हणजे आधीच हार्डन-टेंपर करून येतं ते. मशीनिंग होतं आणि नंतर पुन्हा हीट ट्रीटमेंट लागत नाही, म्हणजे वाकायचा प्रश्नच नाही.

टर्नरला सांगा की स्पिंडल फोर-जॉ चक आणि स्टेडीमध्ये (दुसऱ्या टोकाच्या आधारात) धरायचा, बेअरिंगच्या जागी डायल शून्य करायचा. मग कंपाउंड स्लाइडवर (कोनात फिरवता येणाऱ्या वरच्या स्लाइडवर) लिव्हर डायल लावून टेपरच्या आपल्याकडच्या भिंतीवर पुढे-मागे फिरवायचा आणि काटा हलायचा थांबेपर्यंत कंपाउंड फिरवायचा. तिथे घट्ट करायचं आणि पुन्हा हात लावायचा नाही. त्याच सेटिंगवर स्लीव्हचा बाहेरचा टेपर कापायचा, जाड तोंड टेलस्टॉककडे ठेवून. अंश वाचायची गरजच पडत नाही, तुमच्या स्पिंडलचा कोन जसा आहे तसाच स्लीव्हवर उतरतो. निळं लावून तपासा. जाड तोंडाकडे जास्त उठलं तर चालेल, बारीक टोकाकडे जास्त उठलं तर स्लीव्ह आत डोलणार. मागच्या टोकाला ड्रॉबारचे आटे पाडा. स्पिंडलच्या आत कॉलेट फिरू नये म्हणून पिन असेल तर तिच्यासाठी खाच करा. उभा टेपर नुसता ओढून धरत नाही, शिवाय त्या खाचेमुळे स्लीव्ह दर वेळी त्याच जागी बसेल. पुढे एम २५ चे आटे आणि मधून १२ मिमीचं रीमर मारलेलं भोक, एवढंच लेथवर करा. ईआरचा ८° चा टेपर मात्र लेथवर कापू देऊ नका.

तो तुमच्याच मशीनवर कापायचा. मला या कामातला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे. स्पिंडल परत हेडमध्ये बसवा, बेअरिंगचा प्रीलोड (ढिलेपणा घालवणारा दाब) नीट लावा, स्लीव्ह ड्रॉबारने ओढून घ्या. हेड जवळजवळ आडवं झुकवा. स्लीव्हच्या भोकात १२ मिमीची ग्राइंड केलेली डॉवेल पिन घाला आणि टेबलावर डायल ठेवा. टेबल ५० मिमी सरकवल्यावर डायलने ७.०२७ मिमी दाखवलं की हेड टेबलाच्या चालीशी बरोबर ८° वर आहे. स्पिंडल पिनसकट अर्धा फेरा फिरवून पुन्हा माप घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा. आता पिन काढा, टेबलावर बोरिंग टूल बांधा, त्याचं टोक स्पिंडलच्या मध्याच्या बरोबर खाली किंवा वर आणा, आणि स्पिंडल फिरवत टेबलाच्या फीडने टेपर कापा. कट ०.०५ चे, शेवटचे दोन त्याहून हलके. कॉलेटची सीट स्पिंडलच्या स्वतःच्या बेअरिंगवर कापली गेल्यामुळे लेथचा आणि चकचा दोष तिच्यात येतच नाही. जुन्या स्पिंडलचा टेपर थोडा तिरका असला तरी तोही इथे भरून निघतो.

तपासायला १० मिमीचा कॉलेट आणि १० ची डॉवेल. कॉलेट आधी नटात टक करून बसवायचा आणि मग नट स्लीव्हवर लावायचा. उलट केलं तर नटातली रिंग कॉलेट बाहेर काढू शकत नाही आणि कॉलेट तुटतो. तोंडापासून ४० मिमीवर डायल ०.०२ च्या आत असेल तर काम उत्तम झालं. जास्त आला तर कॉलेट अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. चूक कॉलेटबरोबर फिरली तर कॉलेट बदला, जागेवरच राहिली तर सीट बघा.

तरीही मूळ नट हवाच असेल, मशीन जसं होतं तसं ठेवायची तुमची इच्छा असेल, तर ती मला समजते. मग आटे आणि आतला कोन एकाच सेटिंगमध्ये, जॉब चकमधून न काढता करून घ्या. लेथ मेट्रिक असेल तर इंचाच्या आट्यांसाठी १२७ दात्यांचा गिअर लागतो, आणि आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट (लेथचा लीडस्क्रू पकडणारा नट) उघडायचा नाही, मोटर उलटी फिरवून मागे यायचं. टर्नरकडे तो गिअर आहे का, हे जॉब देण्याआधीच विचारा. ड्रॉबारचंही तसंच. अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ इंचाला १२ आटे असतो आणि अमेरिकन यूएनसी १३. इंग्लिश मशीनवर व्हिटवर्थ असण्याची शक्यता जास्त, पण मोजल्याशिवाय टॅप लावू नका.

गोळ्यांची दोन्ही मापं आणि नोजवरचे एका इंचातले आटे इथे लिहा. स्लीव्हचं स्केच मी काढून देतो, ते घेऊन थेट टर्नरकडे जाता येईल.