आबांचा बॅटरीवरचा रेडिओ लाईटवर चालेल का?

प्रश्न : गावाकडचं धाब्याचं घर उतरवताना कोठीत आबांचा रेडिओ सापडला, लाकडी पेटी आहे, गावात लाईट यायच्या आधीचा. मागे चार पिनांचा प्लग लोंबतोय, आत चार छोटे व्हॉल्व (काचेच्या नळ्या), त्यांच्यावर डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असं वाचता येतं. गावातला वायरमन म्हणतो ट्रान्सफॉर्मर कसाले लेस, कंडेन्सर लावून डायरेक्ट लाइनवर घेऊ आणि व्हॉल्वच्या तारेला मोबाइलचा चार्जर. देऊ का त्याच्या हातात?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : नका देऊ भाऊ. कंडेन्सरने व्होल्टेज उतरवलं तरी लाइनशी जोडणी तशीच राहते, म्हणजे रेडिओची चासी, आतला पत्र्याचा सांगाडा, लाइव्ह होऊ शकते, आणि एरियलच्या तारेला नातवंडांनी हात लावला तर काय होईल ते सांगायला नको.

आता तुमचा सेट समजून घ्या. व्हॉल्वच्या नावातलं पहिलं अक्षर डी म्हणजे आतली तापणारी तार (फिलामेंट) १.४ व्होल्टची. पहिल्या तिघांची तार २५ मिलिअँपिअर घेते, डीएल ९६ ची ५०, मिळून १२५. ही एलटी, म्हणजे कमी व्होल्टची बॅटरी. दुसरी बॅटरी ९० व्होल्टची, एचटी म्हणजे जास्त व्होल्टची, तिच्यावर साधारण १० मिलिअँपिअर लागतात. लाईटवरच्या सेटमध्ये तापणारी तार वेगळी आणि कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) वेगळा असतो, इथे तारच कॅथोड, म्हणून तिला एसी दिला की स्पीकरमधून नुसता हुंकार येतो, एकदम स्वच्छ डीसी लागतो. मोबाइल चार्जरचं म्हणाल तर त्याची करकर मीडियम वेव्हवर ऐकू येते, आणि ५ व्होल्टचे १.४ करायला मधे नुसता रेझिस्टर टाकला तर एका व्हॉल्वची तार गेली की बाकी तिघांवर व्होल्टेज चढतं आणि मागोमाग तेही जातात.

मी तर म्हणेन आधी सेलवरच वाजवून बघा. ९ व्होल्टचे चौकोनी सेल १० घेऊन एकापुढे एक जोडले की झाले ९० व्होल्ट, आणि तारेला एक मोठा दीड व्होल्टचा. फक्त त्याआधी आतले जुने कागदी कंडेन्सर बदला, खास करून डीएल ९६ च्या ग्रिडला (सिग्नल आत घेणाऱ्या पिनेला) जाणारा, तो लीक असला की आवाज फाटतो आणि एचटीचे सेल भराभर उतरतात.

वाजला तर मग एक वेगळा डबा बनवा, रेडिओच्या आत काही कापाकापी करू नका, त्याला बॅटरी समजून तो डबाच जोडायचा. ट्रान्सफॉर्मर मोटार भरणाऱ्याकडून भरून घ्या, आपल्याकडे पंपाच्या मोटारी भरणारे जागोजागी आहेत. २३० ला एक वाइंडिंग ७५ व्होल्टचं, दुसरं ६ चं, दोन्ही एकमेकांपासून सुट्टे. सुट्टे कशासाठी, तर अशा बऱ्याच सेटमध्ये एचटीचा मायनस चासीला थेट जात नाही, मधल्या रेझिस्टरमधून जातो आणि त्यावरच आउटपुट व्हॉल्वचा (डीएल ९६ चा) बायस, म्हणजे ग्रिडला लागणारा मायनस व्होल्टेज, तयार होतो. तुम्ही डब्यातच दोन्ही मायनस एकत्र बांधले तर तो बायसच गेला.

७५ च्या बाजूला एसीचा डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, ४७ मायक्रोफॅरड, १ किलोओहम, परत ४७, शेवटी व्होल्टेज धरून ठेवणारा ९१ व्होल्टचा ५ वॅटचा झेनर डायोड. कंडेन्सर २५० व्होल्टचेच घ्या, कारण शेतातले पंप बंद झाले की रात्री लाईन किती चढते ते तुम्हाला माहीतच आहे. ६ च्या बाजूला ब्रिज, मोठा कंडेन्सर आणि व्होल्टेज कायम ठेवणारा एलएम ३१७ आयसी, त्याला २४० आणि २७ ओहमचे रेझिस्टर, म्हणजे १.३९ व्होल्ट मिळतात. प्रायमरीला, म्हणजे २३० च्या बाजूला, स्विच आणि फ्यूज हवाच, रेडिओचा स्वतःचा स्विच फक्त बॅटरी तोडतो, डबा मागे चालूच राहतो.

प्लग लावायच्या आधी एलटीला ११-१२ ओहमचा रेझिस्टर लावून लोडवर मीटरने मोजा, आणि कोणती पिन कशाची ते दोनदा तपासा. ही नुसती पुस्तकी शिकवण नाही, माझ्या हातून एकदा एचटी एलटीच्या पिनांवर गेली होती, चारही व्हॉल्व कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे चमकले आणि खेळ खलास. आणि हो, या व्हॉल्वच्या तारा अंधारातही जेमतेम दिसतात, पेटला नाही असं वाटून कुणी व्होल्टेज वाढवू नका!

प्रश्न : आमच्याकडचा व्हॉल्वचा सेट ६ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालायचा, आतून गुणगुण यायची. त्यालाही हाच डबा चालेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. गुणगुण करतो तो व्हायब्रेटर, तो ६ व्होल्ट डीसी तोडून-जोडून आतल्या ट्रान्सफॉर्मरला देतो आणि एचटी सेटमध्येच तयार होते. त्याला बाहेरून फक्त ६ व्होल्ट हवेत, पण अँपिअरमध्ये, माझा १२५ मिलिअँपिअरचा डबा बसेल गप्प. मागच्या पाटीवर वॅट छापलेले असले तर त्याला ६ ने भागा, तेवढे अँपिअर देणारा सप्लाय घ्या. व्हायब्रेटरच्या जवळचा बफर कंडेन्सर मात्र आधी बदला, तो शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मर जळतो.