टॉवर हरित विजेचा, म्हणून मोबदला कमी?

प्रश्न : साक्री तालुक्यात माझं अडीच एकर कोरडवाहू शेत आहे. पवनचक्की आणि सोलरची वीज नेणाऱ्या 220 केव्ही लाइनचा टॉवर बरोबर मधोमध येतोय. कंपनीचा माणूस म्हणतो, "हवामान बदलाचं राष्ट्रीय काम आहे, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, हरकत चालणार नाही." कमी रकमेचा चेक आणि कोऱ्या जागा ठेवलेलं संमतिपत्र घेऊन आलाय. सातबारावर धाकट्या भावाचंही नाव आहे. सही करू का?

उत्तर : आप्पा, त्या कागदावर सही करू नका. कोऱ्या जागा नंतर कोण भरतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

लाइन थांबेल अशी आशा मात्र मी लावणार नाही. वीज कायदा 2003, कलम 164 खाली शासनाचा आदेश असेल तर कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळतात आणि मालकाची संमती लागत नाही. (2023 च्या दूरसंचार कायद्यात तो जुना कायदा मोडीत काढण्याची तरतूद आहे, पण विजेच्या तारांपुरता त्याचा तिसरा भाग राखून ठेवलाय. इंग्रज गेले, त्यांचं कलम बांधावरून हललं नाही.) त्या आदेशाची प्रत लेखी अर्जाने मागा. आदेशच नसेल तर तुमची संमती, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणावी लागते.

आता सुप्रीम कोर्ट. 2024 चा तो रणजितसिंह खटला माळढोक पक्षी आणि राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारांचा होता. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कोर्टाने त्यात मान्य केला, तो राज्यघटनेच्या कलम 21 (जगण्याचा हक्क) सोबत कलम 14 मधूनही, म्हणजे समानतेतून. हरित लाइनचा मोबदला कमी द्यावा, असं त्यात कुठेही नाही. शहराला स्वच्छ वीज, कंपनीला नफा आणि भार साक्रीच्या कोरडवाहू तुकड्यावर, हा माझ्या मते उघड अन्याय आहे. तरी न्यायाधीशांपुढे भाषण चालत नाही, मोजमाप लागतं.

टेलिग्राफ कायद्याच्या कलम 10 नुसार जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापर मिळतो. नुकसान कमीत कमी करायचं आणि भरपाई पूर्ण द्यायची, हेही तिथेच लिहिलंय. ही भरपाई पीक-झाडांपुरती नाही. 2007 च्या लिविशा निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की जमीन कुठे आहे, तार कडेने जाते की मधून, हे पाहून घटलेली किंमतही धरायची. तुमच्या बाबतीत सगळं वजन या 'मधून'वर आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के सुचवलेत. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे, पण दर मागताना पुढे ठेवा.

रक्कम कमी वाटली तर टेलिग्राफ कायद्याच्याच कलम 16(3) खाली धुळ्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करायचा. मुदत तीन वर्षं. चेक घ्यायचा झाल्यास 'हक्क राखून स्वीकारला' असं पावतीवर लिहा. भावाशी वाटणीचा वाद निघाला तर कंपनी पैसे कोर्टात भरून मोकळी होते आणि तुम्ही दोघं तारखा मोजत बसता. तेव्हा तलाठ्याकरवी पंचनामा करून घेताना भावाला सोबत उभं करा आणि खड्डा खणण्याआधीचे फोटो काढून ठेवा.