'फिलिबस्टर' म्हणजे नुसते लांब भाषण नव्हे

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याचे सिनेटर कोरी बुकर यांनी ३१ मार्च २०२५ च्या संध्याकाळी सिनेटमध्ये, म्हणजे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, राष्ट्रीय प्रश्नांवर बोलायला सुरुवात केली आणि ते सलग पंचवीस तासांहून अधिक काळ बोलत राहिले, त्या भाषणाला मराठीत 'विक्रमी फिलिबस्टर' म्हणणे बरोबर आहे का, आणि या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता?

बरोबर नाही. फिलिबस्टर म्हणजे विधेयक मंजूर होऊ नये म्हणून सभागृहाचे काम अडवून धरणे. बुकर यांचे भाषण विक्रमी होते, पण ते फिलिबस्टर नव्हते, कारण एखादे विशिष्ट विधेयक अडवून धरणे हा त्याचा हेतू नव्हता. ट्रम्प प्रशासनाच्या धोरणांचा सभागृहात उभे राहून केलेला तो निषेध होता. त्यांनी ज्यांचा विक्रम मोडला, त्या साउथ कॅरोलायनाच्या स्ट्रॉम थर्मंड यांचे ऑगस्ट १९५७ मधले २४ तास १८ मिनिटांचे भाषण मात्र खरेखुरे फिलिबस्टर होते, कारण नागरी हक्कांचे विधेयक मंजूर होऊ नये यासाठीच ते केलेले होते. सप्टेंबर २०१३ मध्ये टेक्ससचे टेड क्रूझ एकवीस तासांहून अधिक बोलले, तेही फिलिबस्टर नव्हते, कारण मतदानाची वेळ आधीच ठरलेली होती आणि त्यांच्या बोलण्याने ती एका मिनिटाने पुढे जाणार नव्हती. घड्याळाकडे पाहून हा शब्द वापरण्याची जी सवय हल्ली लागली आहे, तिचा मला मनापासून त्रास होतो. आपल्या विधान परिषदेत किंवा राज्यसभेत कोणी दोन तास बोलले की त्यालाही फिलिबस्टर म्हणणारे लोक भेटतात. आपल्या सभागृहांत वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटून दिलेला असतो आणि बोलणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याकडे असतो, त्यामुळे तेथे या प्रकाराला जवळजवळ जागाच नाही.

'सिनेट' शब्दाची व्युत्पत्ती मी येथे सांगत बसत नाही. लॅटिन 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, त्याचे वैदिक भावंड 'सन' म्हणजे जुना, आणि त्याच कुळातला आपला 'सनातन', हे बहुतेक जिज्ञासूंना ठाऊक असते. 'फिलिबस्टर'ची कहाणी याहून कितीतरी रसाळ आहे.

मूळ शब्द वलंदेजांचा, म्हणजे डचांचा आहे : 'व्रेइबौटर'. 'व्रेइ' म्हणजे मोकळा, 'बौट' म्हणजे लूट; कोणाच्याही हुकुमात नसलेला, स्वतःच्या हिंमतीवर लूट करणारा समुद्री चाचा. ज्या वलंदेजांची सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार होती, त्यांच्याच भाषेतला हा शब्द. इंग्रजांनी त्याचे शब्दशः रूपांतर करून 'फ्रीबूटर' केला, फ्रेंचांनी उच्चार उचलून 'फ्लिबुस्तिए' केला, स्पॅनिशमध्ये तो 'फिलिबुस्तेरो' झाला आणि तेथून अमेरिकी इंग्रजीत 'फिलिबस्टर' म्हणून परतला. मधला 'स' आधी फ्रेंच लेखनात शिरला आणि मग तो उच्चारातही आला.

काही अभ्यासक या शब्दाचे मूळ 'फ्लायबोट' नावाच्या वेगवान डच गलबतात शोधतात, कारण 'व्रेइ'मधल्या 'र'चा 'ल' कसा झाला हे त्यांना कोडे वाटते. ज्यांच्या कानावर 'रलयोरभेदः', म्हणजे 'र' आणि 'ल' यांत भेद नाही, हे वचन पडले आहे त्यांना हे कोडे वाटण्याचे कारण नाही. हरिद्रेची प्राकृतात 'हलिद्दा' झाली आणि आपल्या स्वयंपाकघरात ती 'हळद' होऊन आली. चत्वारिंशत्‌चे 'चाळीस' झाले. जे गंगेच्या आणि गोदेच्या काठी घडले ते कॅरिबियन समुद्रातल्या खलाशांच्या तोंडी घडणार नाही, असे मानायला काही आधार नाही. होडीवरून तिच्यावरच्या माणसाला नाव पडते हे मान्य केले, तरी त्या होडीतून लुटीचा अर्थ निघत नाही आणि 'व्रेइबौटर'मधून तो सरळ निघतो. गलबताची व्युत्पत्ती मांडणाऱ्यांनी आधी अर्थाचा हिशोब द्यावा.

दुसरा गट याहून चुकीच्या वाटेने जातो. 'फिलॉसॉफी'तला ग्रीक 'फिलो' म्हणजे प्रेम करणारा, म्हणून फिलिबस्टर म्हणजे बोलण्यावर प्रेम करणारा, अशी व्युत्पत्ती मी अनेकदा ऐकली आहे. ती पूर्णपणे निराधार आहे. परंतु हा शब्द प्रेमापासून अगदी तुटलेला मात्र नाही. डच 'व्रेइ' आणि इंग्रजी 'फ्री' ज्या प्राचीन धातूपासून आले, त्याच धातूपासून संस्कृत 'प्रिय' आला आहे. जो आपला, जो कुळातला, जो प्रिय, तो दास नव्हे, म्हणून तो मोकळा, असा हा अर्थाचा प्रवास जर्मानिक भाषांत झाला. चाच्यांच्या या नावात आपला 'प्रिय' असा दडून बसला आहे, हे मला प्रथम कळले तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

चाच्याचा वक्ता कसा झाला? सर्वत्र दिले जाणारे स्पष्टीकरण असे की, चाचा जसे जहाज ताब्यात घेतो तसा सिनेटर सभागृह ताब्यात घेतो. हे मागाहून बसवलेले रूपक आहे असे माझे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर 'फिलिबस्टर' म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून परदेशांवर स्वाऱ्या करणारे अमेरिकी साहसवीर असा अर्थ रूढ होता. नार्सिसो लोपेझने न्यू ऑर्लिन्सहून क्यूबावर स्वारी नेली आणि १८५१ मध्ये तो तेथेच मारला गेला. विल्यम वॉकर तर १८५६ मध्ये निकाराग्वाचा अध्यक्ष होऊन बसला आणि १८६० मध्ये होंडुरासमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १८५३ मध्ये प्रतिनिधिगृहात क्यूबाच्याच प्रश्नावर चर्चा चालू असताना मिसिसिपीचे अल्बर्ट ब्राउन यांनी आपल्याच पक्षातील एका सदस्याच्या भाषणाला 'फिलिबस्टरिंग' म्हटले, कारण तो सदस्य विरोधी व्हिग पक्षाच्या सदस्यांच्या गराड्यात उभा राहून बोलत होता. या टोल्याचा भाषणाच्या लांबीशी काही संबंध नव्हता. चर्चेचा जो विषय होता त्यातलाच शब्द उचलून बोलणाऱ्याला चिकटवला गेला. जहाज ताब्यात घेण्याची कल्पना या प्रसंगात कोठेही दिसत नाही.

पुढे तो शब्द सिनेटला चिकटला याचे कारण सिनेटच्या नियमांत आहे. चर्चा संपवून मतास टाकण्याची तरतूद तेथे १८०६ मध्ये वगळली गेली आणि बोलणाऱ्याला थांबवण्याचा उपाय उरला नाही. १९१७ मध्ये दोन तृतीयांश मतांनी चर्चा बंद करण्याचा नियम झाला आणि १९७५ मध्ये ही अट साठ मतांवर आली. लुइझियानाचे ह्यूई लाँग १९३५ मध्ये साडेपंधरा तास उभे राहिले आणि त्या भाषणात त्यांनी तळलेल्या कालवांची पाककृतीही सांगितली. आज तर बहुतेक फिलिबस्टरमध्ये भाषणच नसते; साठ मते जमणार नाहीत एवढे दिसले की विधेयक अडते. भाषणाशिवायही जी गोष्ट होऊ शकते, तिचा अर्थ 'लांब भाषण' कसा असेल?

आता प्रतिशब्दाविषयी. काही कोशकार सुचवतात तो 'वेळकाढूपणा' मला मान्य नाही, कारण वेळकाढूपणा आळशी माणूसही करतो. 'दीर्घसूत्री भाषण' हा प्रयोग तर चूकच आहे. दीर्घसूत्री म्हणजे कामात चालढकल करणारा, लांब बोलणारा नव्हे. रोमन सिनेटमध्ये सूर्यास्ताबरोबर बैठक संपत असे, म्हणून धाकटा केटो हा तेथील सदस्य अंधार पडेपर्यंत बोलत राही, आणि त्याला लॅटिनमध्ये 'दिएम कोन्सुमेरे', म्हणजे दिवस खाऊन टाकणे, असे म्हणत. आपले 'वेळ खाणे' त्याच्या फार जवळचे आहे, पण त्यात अडवण्याचा निर्धार येत नाही.

तो निर्धार ज्यात आहे असा शब्द आपल्याकडे शतकानुशतके आहे : धरणे. धनको ऋणकोच्या दारात अन्नपाण्यावाचून बसे. मराठा फौजेतले शिपाई थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या तंबूपुढे धरणे धरत. स्वतःच्या देहाला कष्ट देऊन समोरच्याचा व्यवहार रोखायचा, हे त्याचे तत्त्व. बोलण्याचा हक्क टिकवायचा असेल तर सिनेटरलाही बसता येत नाही आणि सभागृह सोडून जाता येत नाही. म्हणून भाषण करून अडवणूक होते तेव्हा 'बोलधरणे' आणि भाषणावाचून होते तेव्हा नुसते 'धरणे' लिहावे, असे मी सुचवतो. धरणे बसून होते आणि फिलिबस्टर उभे राहून, हा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु 'धरणे' हा शब्द 'धर' धातूचा आहे, 'बस' धातूचा नाही.

इंग्रजी शब्दच ठेवायचा असेल तर तो नपुंसकलिंगी चालवावा, म्हणजे 'फिलिबस्टर केला' असे न लिहिता 'फिलिबस्टर केले' असे लिहावे. बुकर यांच्या बाबतीत 'विक्रमी भाषण' हे दोन शब्द पुरेसे आहेत.